लहान भोकाची चकती

गवत कापायच्या मशीनवर बसून मोठी माणसं शर्यत लावतात, असं सांगितलं तर कुणालाही हसू फुटेल. ताईलाही पहिल्यांदा फुटलं होतं. तिचा धाकटा भाऊ एका रविवारी दुकानात शिरला तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेला, दात तेवढे पांढरे, आणि छाती फुगवून म्हणाला, "ताई, मी सातवा आलो!"

"कितीजणांत?"

"सातांत."

दुकान ताईचं होतं, गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं. गल्लीच्या टोकाला एक लांबट खोली, भिंतीला ओळीनं टांगलेली पाती, जमिनीवर तेलाचे इतके जुने डाग की फरशीचा मूळ रंग कुणाला आठवत नव्हता. वडील गेले तेव्हा दुकान रीतीनं मुलाकडे जायचं, पण मुलाचं बूड एका जागी टिकेल तर शपथ. त्याच्या पायाला जन्मतःच भिंगरी लागलेली. आईनंच कंटाळून त्याला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि पुढे शाळेपासून कचेरीपर्यंत सगळे तेच म्हणू लागले. ताईला मात्र दुकानाचा वास लहानपणापासून आवडायचा. पेट्रोल आणि कापलेलं गवत. तिचं लग्न जमलं नाही, मग जमवावंसंही वाटलं नाही, आणि वडिलांचे पाने तिच्या हाताला असे बसले जसे काही तिच्याच मापाचे केले होते.

भिंगरीला नगरपालिकेत मैदानांवर गवत कापायचं काम मिळालं. मोठ्या मशीनवर बसून दिवसभर हिरव्यावरून फिरायचं. "फिरण्याचा पगार देणारी जगातली एकमेव कचेरी," असं तो म्हणायचा. आणि सुटीच्या दिवशी काय करायचं? तर तेच, पण जोरात. सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्यामागे एक पडीक जागा होती. तिथे कुणीतरी जुन्या टायरांचं कुंपण घालून गोल रस्ता केला होता. मशीनची पाती काढायची, आसन खाली बसवायचं आणि सोडायचं. हौसेला मोल नाही म्हणतात ते उगीच नाही.

सातांत सातवा आल्यावर भिंगरी ताईच्या मागेच लागला. "इंजिनाचं काहीतरी कर ना. बेकरीवाला माझ्यापुढे असा जातो की वाटतं मी उभा आहे."

ताईनं आधी उडवून लावलं, पण एका दुपारी हाताला काम नव्हतं म्हणून तिनं एक जुनं इंजिन उघडलं. गवताच्या मशीनमध्ये एक लगाम असतो, त्याला गव्हर्नर म्हणतात. वेग वाढायला लागला की तो पेट्रोलचा घास कमी करतो. वडील म्हणायचे, हा घरातल्या म्हाताऱ्यासारखा आहे. सारखा 'हळू, हळू' करतो म्हणून कुणाला आवडत नाही, पण घर त्याच्यामुळेच उभं असतं. शर्यतवाले पहिली गोष्ट कोणती करतात, तर या म्हाताऱ्याला घराबाहेर काढतात. ताईनंही काढला. मग पिस्टनचा नरम दांडा काढून पोलादी घातला, स्प्रिंगा कडक केल्या, वरचं हेड घासून थोडं बसकं केलं, सायलेन्सर फेकून सरळ नळी लावली. जे इंजिन जन्मभर घुरघुरत आलं होतं ते किंचाळायला लागलं. गल्लीतले लोक गॅलरीत आले. ताई मशीनशेजारी उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय.

कारण दुरुस्ती म्हणजे काय, तर दुसऱ्यानं झिजवलेलं पुन्हा पूर्वीसारखं करायचं. इतकी वर्षं तिनं तेच केलं होतं. हे पहिलंच तिनं स्वतः घडवलेलं होतं. त्या मोसमात भिंगरी पाचवा आला, तिसरा आला, एकदा दुसराही आला. ताई दर रविवारी टायरांपाशी उभी राहायची, शेजारी भावजय डब्यातले पराठे वाटत असे. भावजय शांत बाई, बालवाडीत शिकवायची. तिला इंजिनातलं ओ की ठो कळत नसे, पण नवरा पुढे गेला की ती ताईचा दंड इतका घट्ट धरायची की वळ उठायचे.

आता एक गोष्ट ताईला माहीत होती, आणि ती इथे सांगायलाच हवी. इंजिनाच्या डोक्यावर एक जड चाक फिरत असतं, फ्लायव्हील. कंपनीनं ते संथ फिरण्यासाठी ओतलेलं असतं. दुप्पट वेगानं फिरवलं तर ते कधी ना कधी तडकतं, आणि तडकलं की त्याचे तुकडे गोळ्यांसारखे सुटतात. शर्यतीसाठी सबंध पोलादातून कोरलेलं चाक मिळतं. ताईनं ते लांबून मागवलं होतं. पार्सल यायला वेळ लागत होता आणि मोसमातली शेवटची शर्यत तोंडावर आली होती.

"चाक आल्याशिवाय नाही," ती म्हणाली.

"ताई, एकच शर्यत. बेकरीवाल्याला एकदा मागे टाकायचं आहे फक्त. मी पूर्ण सोडणार नाही. आईची शपथ."

"आई जिवंत असताना तू तिच्या किती शपथा पाळल्यास?"

"म्हणून तर आता पाळतो."

दोघंही हसली आणि तिथेच ताई हरली. तिनं अ‍ॅक्सिलरेटरच्या दांड्याला एक स्क्रू बसवला, दांडा निम्म्याच्या पुढे जाऊ नये म्हणून. तो काढायला एक पाना आणि थोडी एकटेपणाची संधी पुरेशी होती. हे ताईला कळत होतं, भिंगरीला कळत होतं, आणि त्याला कळतंय हेही ताईला कळत होतं. तरी तिनं मशीन त्याच्या हवाली केलं आणि स्वतःला सांगितलं की मी स्क्रू बसवलाय.

शेवटच्या फेरीत भिंगरी बेकरीवाल्याच्या मागे चिकटून होता. सरळ रस्ता आला आणि इंजिनाचा आवाज चढला. स्क्रूनं जिथे थांबवायला हवा होता तिथे तो थांबला नाही, वरच चढत गेला. तिनं ओरडायला तोंड उघडलं, आणि उंचावरून पत्रा पडावा तसा आवाज झाला. तेवढाच. मशीन थोडं पुढे जाऊन टायरांना टेकलं. वरचं झाकण उघड्या डब्यासारखं वळलेलं होतं आणि भिंगरी आपल्या डाव्या पायाकडे नवलानं बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

बेकरीवाल्यानं मशीन रस्त्याच्या मध्येच सोडलं. आडदांड माणूस, पण तो पळत आला, कमरेचा पट्टा ओढून काढला आणि भिंगरीच्या मांडीला आवळला. "माझ्याकडे बघ. माझ्याकडे बघ रे. पायाकडे नको," असं तो सारखं म्हणत राहिला. पुढे डॉक्टर म्हणाले, पट्टा बांधला म्हणून माणूस राहिला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ताई आणि भावजय शेजारी शेजारी बसल्या होत्या. भावजयीच्या मांडीवर नवऱ्याचे कपडे होते, कापून काढलेले, आणि ती त्यांच्या घड्या घालत होती. फाटक्या कपड्यांच्या नीट घड्या.

"ताई," ती मान वर न करता म्हणाली, "असं होऊ शकतं हे तुम्हाला माहीत होतं?"

ताईला नाही म्हणता आलं असतं. नशीब म्हणता आलं असतं. त्यानं स्क्रू काढला, हेही म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं.

"होतं," ती म्हणाली.

भावजयीनं मान हलवली आणि शेवटची घडी घातली. त्या दिवसापासून तिनं ताईला ताई म्हणणं सोडलं. भांडली नाही, दार बंद केलं नाही. फक्त हाक मारायची वेळ आली की ती शब्द गाळून पुढचं बोलायची.

त्याच आठवड्यात पार्सल आलं. ताईनं ते न उघडता वरच्या फळीवर ठेवलं.

भिंगरी रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो उलट तिचंच सांत्वन करायचा. "स्क्रू मी काढला. तू कशाला सुतकी चेहरा करून बसतेस? इंजिन काय पळालं ते सांग. बेकरीवाला हातभर राहिला होता, हातभर!" त्यानं एखादी कचकचीत शिवी दिली असती तर ताईनं ती जपून ठेवली असती. तो मात्र तिच्या हातावर थोपटायचा.

घरी आल्यावर माणसं भेटायला यायची. दारातून "काय भिंग—" इथवर यायची आणि चपापायची. पाय गेलेल्या माणसाला भिंगरी कसं म्हणायचं? मग ते त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायचे, जे निम्म्यांना बाहेर एकमेकांना विचारून घ्यावं लागलं होतं. पहिल्यांदा त्यानंच थट्टा केली. "मेलो बिलो की काय मी? नाव कशाला बदलताय?" लोक अवघडून हसले. दुसऱ्या खेपेला तो काही बोलला नाही. तिसऱ्या खेपेपासून त्यानं भिंतीकडे तोंड करून झोपायला सुरुवात केली.

लाकडी पाय बसवला. खरं म्हणजे तो प्लास्टिकचा होता, पण घरात सगळे लाकडीच म्हणत. तो घासायचा, फोड यायचे. नगरपालिकेतले साहेब भले माणूस. त्यांनी त्याला काढलं नाही. पोहण्याच्या तलावाच्या तिकीट खिडकीत बसवलं. "बसून काम मिळालं, नशीबवान आहे," असं सगळे म्हणाले. ज्याला जेवतानाही ताटापाशी बसवत नसे, तो आता काचेमागे खुर्चीवर बसून तिकिटं फाडू लागला.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. भावजय दुकानात आली. अपघातानंतर पहिल्यांदाच. तिनं मूठ उघडली तर तळहातावर दुखण्याच्या गोळ्या होत्या, बऱ्याच.

"उशीच्या खोळीत होत्या," ती म्हणाली. "मी रोज देते ती घेतल्यासारखं करतो आणि तिथे साठवतो."

ताई स्टुलावर बसली.

"मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं तर जागा बदलेल." भावजयीनं गोळ्या पदराच्या टोकात बांधल्या. "त्याला इंजिन करून द्या."

"काय बोलतेस तू? तुला कळतंय का?"

"मला इंजिनातलं कळत नाही. पण काल टीव्हीवर कुठली तरी शर्यत लागली होती, तर तो उठून बसला. कित्येक महिन्यांनी उठून बसला. मला लंगडा नवरा चालतो हो. हा जो भिंतीकडे तोंड करून पडलेला आहे, तो चालत नाही."

"आणि पुन्हा काही झालं तर?"

"तर होईल," भावजय म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला. "मी दुसऱ्या कुणाकडे जाऊ? ज्यानं केलं त्याच्याकडेच यावं लागतं ना माणसाला?"

ताईनं फळीवरचं पार्सल खाली काढलं.

त्यानंतरचे आठवडे चांगले गेले, हे सांगितलं पाहिजे, कारण चांगले दिवस आले तसे कबूल करावेत. भिंगरी तिकीट खिडकी बंद झाली की कुबडी टेकत दुकानात यायचा. आधी दारात, मग स्टुलावर, मग सरळ जमिनीवर फतकल मारून, लाकडी पाय काढून बाजूला ठेवून. हात पुन्हा काळे झाले. पोलादी चाक त्यानं दोन्ही हातांत धरलं, फिरवलं, गालाला लावलं.

"काय गार आहे ग. आणि काय देखणं!"

"लग्न लावू का त्याच्याशी?"

"घरी एक आहे ना. ती हो म्हणायची नाही." आणि तो हसला, मोठ्यानं, पूर्वीसारखा. ताईनं पटकन तोंड फिरवून नळाखाली हात धुतले.

तिनं त्या इंजिनात जीव ओतला. चाकाभोवती जाड लोखंडी कडं बसवलं, तुकडा उडालाच तर आत अडावा म्हणून. एकेक नट दोनदा आवळला, तिसऱ्यांदा तपासला. डाव्या पायाचं काम हातानं करता यावं म्हणून ब्रेकचा दांडा वर घेतला. आणि सगळं झाल्यावर, भाऊ कामावर असताना, तिनं आणखी एक गोष्ट केली. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये, बाहेरून दिसणार नाही अशी, एक पातळ चकती घातली. चकतीला लहान भोक. त्यातून जेवढी हवा जाईल तेवढंच इंजिन पळणार, कितीही पिळलं तरी. मशीन सुरू होणार, ओरडणार, पण एका हद्दीपुढे जाणार नाही.

पडीक जागेवर मधल्या वारी कुणी नसे. भिंगरी आसनावर बसला, ताईनं दोरी ओढली. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर त्यानं वेग कमी केला, हळूहळू ताईपाशी आला आणि इंजिन बंद केलं.

"दम कोंडतोय याचा," तो म्हणाला.

"नवीन आहे. मोकळं व्हायला वेळ लागेल."

"ताई."

तिनं दोरीची मूठ पदरानं पुसली.

"कार्बोरेटरच्या मागे ना? मी असतो तर तिथेच घातलं असतं."

"तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?" ताई म्हणाली. "एकदा दिलं मी तुला मोकळं. एकदा."

तो चिडला नाही. त्यानं हँडलवरची माती नखानं खरवडली. "घरी ती सांभाळते. ऑफिसात साहेब सांभाळतात. बेकरीवाला रोज सकाळी गरम पाव पाठवतो, का, तर म्हणे जास्तीचे झाले. रोज कसे जास्तीचे होतात? शेजारचा म्हातारा, ज्याला स्वतःला धड चालता येत नाही, तो मला रस्ता ओलांडून देतो. मला पडायची भीती नाही वाटत ग. मला या सगळ्यांच्या हातांची भीती वाटते. एक जागा तर अशी राहू दे जिथे मला कुणी धरलेलं नाही."

ताईनं पिशवीतून पाना काढला. नट दोनदा घसरला. शेवटी भिंगरीनंच तो धरला आणि दोघांनी मिळून चकती काढली. त्यानं ती टायरांपलीकडच्या गवतात भिरकावली. मग ताईनं पुन्हा दोरी ओढली आणि तो गेला. इंजिनानं असा सूर लावला की ताईच्या अंगावर काटा आला, भीतीनं आणि, खोटं कशाला बोला, अभिमानानंही.

मोसमाची पहिली शर्यत. भिंगरी येणार हे सगळीकडे पसरलं होतं. टायरांच्या कडेला कधी नव्हती एवढी गर्दी. भावजय ताईच्या शेजारी येऊन उभी राहिली, पण तिनं दंड धरला नाही. बेकरीवाल्यानं येऊन भिंगरीच्या पाठीवर थाप मारली, "ये गड्या," म्हणाला आणि नाक पुसत आपल्या मशीनकडे गेला.

सुटले. सरळ रस्त्यावर भिंगरी सगळ्यांच्या पुढे निघाला. ताईनं आजवर असं इंजिन बांधलं नव्हतं आणि पुढेही बांधणार नव्हती. पण पहिलं वळण आलं. वळणावर अंग आत झुकवावं लागतं आणि भार डाव्या पायावर तोलावा लागतो. तिथे पाय नव्हता, प्लास्टिक होतं. मशीन रस्त्याच्या कडेला गेलं, त्यानं ब्रेक दाबला, जवळजवळ थांबलाच. मागच्या सगळ्यांनी त्याला गाठलं.

आणि कुणीही पुढे गेलं नाही.

ताईला आधी वाटलं, जागा नसेल. दुसऱ्या वळणावर जागा भरपूर होती. बेकरीवाला आतल्या बाजूनं सहज निघाला असता. त्यानं वेग कमी केला. त्याच्या मागच्यानं केला, त्याच्या मागच्यानंही. सरळ रस्त्यावर भिंगरी पळायचा, वळणावर अडखळायचा, आणि ती सगळी मशीनं त्याच्या मागे अंतर राखून, हळूहळू, प्रेतामागे माणसं चालतात तशी येत राहायची. लोकांना ते कळलं तेव्हा ते गप्प झाले. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळे टाळ्या वाजवायला लागले. "भिंगरी! भिंगरी!" इतक्या महिन्यांनी ते नाव पुन्हा निघालं.

चौथ्या फेरीत भिंगरीनं मागे वळून पाहिलं. ताईला त्याचा चेहरा दिसला. अपघाताच्या दिवशीही तो असा नव्हता.

शर्यत तो जिंकला. त्याला कप दिला, खांद्यावर घ्यायला निघाले, त्यानं हातानं नको म्हटलं. कुबडी टेकत तो ताईपाशी आला. आयुष्यभर जे विचारत आली तेच तिनं विचारलं.

"इंजिन कसं आहे?"

"सोन्यासारखं आहे." तो तिच्याकडे नाही, मशीनकडे बघत होता. "चकती राहू द्यायला हवी होती, ताई. मग म्हणता तरी आलं असतं, इंजिन कमी पडलं."

तो भावजयीबरोबर घरी गेला. कप मशीनच्या आसनावर राहिला.

दोन दिवसांनी बेकरीवाला दुकानात आला. एवढा मोठा माणूस, दारात टोपी हातात घेऊन उभा. "आमचं काय चुकलं, सांगा. मी त्याला मागे टाकलं असतं तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं. आणि माझ्याच्यानं होतही नव्हतं हो. मी त्याचं रक्त पाहिलंय."

"तुमचं काही चुकलं नाही," ताई म्हणाली.

"मग तो पाव परत का पाठवतो?"

तिनं चहा ठेवला. त्यानं तो न पिता तसाच ठेवला आणि निघून गेला.

मशीन विकून टाक, असा निरोप भिंगरीनं पाठवला होता. शर्यतवाल्यांपैकी एकानंही ते घेतलं नाही. त्यावर बसायला कुणी धजेना. शेवटी ताईनं ते कोपऱ्यात ताडपत्रीखाली सरकवलं, आणि त्यानंतर तिनं शर्यतीचं काम घेतलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला पूर्वीसारखं करता येतं तेवढंच करते."

भावजय एकदा रस्त्यात भेटली. ताईनं भीत भीत गोळ्यांचं विचारलं.

"नीट घेतो," ती म्हणाली. "हातावर ठेवली की गिळतो. जेव म्हटलं की जेवतो, झोप म्हटलं की झोपतो. आता मला भीती वाटत नाही. आता तो काहीच करणार नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "येत जा, ताई." इतक्या दिवसांनी ती हाक ऐकून ताईला बरं वाटायला हवं होतं. पण भावजयीच्या आवाजात क्षमा नव्हती की राग नव्हता. दोघींचं एकच माणूस गेलं असावं आणि आता आपसात धरून काय ठेवायचं, असा तो आवाज होता.

ताई घरी गेली तर भिंगरी "ये, बस," म्हणायचा आणि नंतर बोलायला काही उरत नसे. म्हणून ती तलावावर जाऊ लागली. तिला पोहता येत नव्हतं. सुटीच्या दिवशी ओलसर टॉवेल खांद्यावर टाकलेल्या पोराबाळांच्या रांगेत ही उभी राहायची, दुकानातल्याच कपड्यांत. नंबर आला की काचेला केलेल्या गोल खिडकीतून त्याचा हात दिसायचा. नखं स्वच्छ झाली होती.

"किती?"

"एकच."

तो तिकीट फाडून द्यायचा. कधी म्हणायचा, "आत सावलीत बस, ऊन आहे." कधी तेवढंही नाही. ताई आत जाऊन भिंतीकडच्या बाकावर बसायची. तिथून खिडकीच्या मागची बाजू दिसायची, खुर्चीत बसलेल्या भावाची पाठ, आणि खुर्चीला टेकवलेली कुबडी.

एके दिवशी बाहेरच्या हिरवळीवर गवत कापणं चाललं होतं. त्याच्या जागी घेतलेला नवा माणूस मोठं मशीन चालवत होता. मशीन खिडकीपाशी आलं आणि खोकायला लागलं. गुदमरल्यासारखं, अडकत अडकत. हवेची जाळी कचऱ्यानं भरली होती. ताईला बसल्या जागी कळलं. पूर्वीचा भिंगरी असता तर रांगेतली माणसं तशीच सोडून, शिव्या देत बाहेर धावला असता. इंजिन आणखी दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. नवा माणूस उतरून दोरी ओढायला लागला, पुन्हा पुन्हा, चुकीच्या पद्धतीनं.

ताई बाकावर पुढे सरकून बसली. ती त्या पाठीकडे बघत होती.

"किती?" भिंगरीनं पुढच्या माणसाला विचारलं, आणि तिकीट फाडलं.